सोडायची वेळ

साखळी छगनच्या गोठ्यातली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं साखळीचा विषय निघाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघणार आहे.

दुष्काळात छगनचा एक बैल छावणीत मेला. दुसरा त्यानं बाजारात उभा केला आणि मिळेल त्या भावात सोडला. गोठ्यात खुंटीवर साखळी तेवढी राहिली. पुढच्या वर्षी पाऊस पडला, ज्वारी आली, पण बैल घ्यायची ताकद काही आली नाही. भिंगारच्या पलीकडं त्याची कोरडवाहू जमीन होती, ती त्यानं वाट्यानं दिली होती. घर चालायचं रिमांड होमच्या पगारावर. तिथं तो काळजीवाहक होता. सरकारी शब्द आहे तो. काळजी वाहणारा.

त्या सकाळी त्यानं साखळी खुंटीवरून काढून पिशवीत घातली. त्याची बायको आक्काबाई शेळीला पाला टाकत होती.

"साखळी कुठं चालली?"

"रिमांडात."

"तिथं बैल घेतला व्हय?"

"व्हय," छगन म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

रिमांड होम म्हणजे काय ते ज्यांची पोरं कधी तिथं गेली नाहीत त्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. चोरी केलेली, भीक मागताना सापडलेली, विनातिकीट गाडीत बसलेली, घरातून पळालेली पोरं पोलीस उचलतात. कोर्ट त्यांचं काय ते ठरवेपर्यंत त्यांना ठेवायची ही जागा. शिक्षेची जागा नव्हे, असं कायदा म्हणतो. कायदा करणारे तिथं मुक्कामाला येत नाहीत. हे रिमांड होम गावातल्या एका समितीचं होतं. समितीत वकील होते, कापडाचे व्यापारी होते, हळदीकुंकवाला मुलांना लाडू वाटणाऱ्या दोन बाया होत्या. इमारत म्हणजे गोऱ्या साहेबाचा जुना बंगला आणि त्यामागं त्याचा घोड्यांचा तबेला. तबेल्याच्या शेवटच्या खणाला खिडकी नव्हती. पोरं त्या खोलीला आंधळी म्हणायची. अधीक्षक नृसिंह पाठक तिला विश्रांतीची खोली म्हणायचे.

पाठकसाहेब राक्षस नव्हते. राक्षस असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. ते पोरांना स्वतः प्रार्थना शिकवायचे, थंडीत समितीच्या मागं लागून घोंगड्या मिळवायचे. फक्त त्यांना एका गोष्टीची भीती होती. पोरगं पळालं की बालन्यायालयाच्या मॅजिस्ट्रेटबाई भर कोर्टात विचारायच्या, "पाठक, तुमच्याकडं मुलं राहतात की धर्मशाळा आहे?" आणि सगळे वकील हसायचे.

पळणारं पोरगं एकच होतं. बन्सी. पाथर्डीकडचा, मिसरूड फुटायला अजून वेळ असलेला, काटक्यांसारख्या पायांचा. त्याची आई मनकर्णा ऊसतोडीला कोपरगावकडं गेली होती आणि त्याला मामाकडं ठेवून गेली होती. मामीनं दोन महिने भाकरी घातली, मग भांडी आपटायला सुरुवात केली. बन्सी समजायचं ते समजला. पाथर्डीहून नगरपर्यंत चालत आला आणि कोपरगावला जाणाऱ्या गाडीत चढला. तिकीट नव्हतं. नगरच्याच स्टेशनात त्याला खाली उतरवलं.

तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. "माझी आई कोपरगावला हाय. सहादेव मुकादमाच्या टोळीत. मला तिकडं सोडा."

कुणीतरी एक कार्ड टाकायचं होतं. किंवा कुणीतरी सकाळच्या गाडीत बसून संध्याकाळी परत यायचं होतं. कोर्ट म्हणालं चौकशी होईल. पोलीस म्हणाले पत्ता अपुरा आहे. समिती म्हणाली हे काम कोर्टाचं. तोवर बन्सी भिंत चढून पळाला, परत धरून आणला. पुन्हा पळाला. दर वेळी रेल्वेच्या रुळांवरच सापडायचा, उत्तरेकडं चालताना. त्याला धरायला फार अक्कल लागत नव्हती.

तिसऱ्यांदा आणल्यावर पाठकसाहेबांनी छगनला तबेल्याकडं नेलं. "हा आता परत पळाला तर मी तुला ठेवू शकणार नाही, छगन. माझ्या हातात राहणार नाही ते."

"दाराला कुलूप लावतो की साहेब."

"कुलूप मागच्या वेळीही होतं. कौलं काढून गेला." पाठकसाहेब आंधळीच्या भिंतीकडं बघत होते. दगडात घोडा बांधायची लोखंडी कडी होती, मनगटाएवढी जाड. साहेबाच्या काळापासून तशीच. "तू शेतकरी माणूस. तुझा बैल कुंपण मोडायला लागला तर काय करतोस?"

छगनला उत्तर येत होतं. शाळेत न गेलेल्या माणसाला साहेबानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यावं, याचा एक आनंद असतो. त्या आनंदात तो म्हणाला, "त्याला काय लागतंय. उद्या आनतो."

एवढंच झालं. कुणी हुकूम दिला नाही, कुणी कागदावर सही केली नाही. एकानं विचारलं, दुसऱ्यानं सांगितलं.

छगननं बन्सीच्या डाव्या घोट्याला साखळीचा वेढा घातला, आकडा अडकवला आणि पोराच्या हातानं उघडू नये म्हणून दगडानं ठोकून दाबला. दुसरं टोक कडीत. बैलाला साखळी घालताना तो तिच्यावर चिंध्या गुंडाळायचा. साखळी काचली की बैल अंग टाकतो, कामाला उभा राहत नाही. पोराच्या पायाला चिंधी गुंडाळायची त्याला आठवण झाली नाही. विसरला, असंही म्हणता येत नाही. ते त्याच्या मनातच आलं नाही.

बन्सी गप्प बसून बघत होता. छगन उठला तेव्हा म्हणाला, "छगनमामा, वैरण कवा टाकनार?"

छगन हसला. चांगला मोठ्यानं हसला. जाताना दार ओढून घेतलं, बाहेरून कुलूप लावलं, आणि सायकलवर घरी जाताना ते वाक्य आठवून पुन्हा हसला.

चार दिवस बांधायचं ठरलं होतं. चार दिवसांनी छगननं विचारलं, "सोडू का?"

"पळाला नाही ना?"

"कसा पळंल?"

"मग चालू दे थोडं. महिनाअखेर मॅजिस्ट्रेटबाई येणार आहेत भेटीला. ते होऊ दे."

मॅजिस्ट्रेटबाई आल्या. त्यांना स्वयंपाकघर दाखवलं, घोंगड्या दाखवल्या. पोरांनी प्रार्थना म्हटली. एक मुलगा कमी आहे असं बाई म्हणाल्या, तर पाठकसाहेब म्हणाले, थोडा ताप आहे, विश्रांतीच्या खोलीत आहे. बाई म्हणाल्या, "काळजी घ्या." तबेला काही लांब नव्हता. छगन दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

भेट झाली तरी साखळी राहिली. अशा गोष्टी काढायला कारण लागतं, ठेवायला लागत नाही.

बन्सीच्या घोट्याची साल निघाली होती. आंधळीत जमीन मातीचीच, वर्षानुवर्षं घोड्यांची लीद आणि मूत मुरलेली, उन्हाचा कवडसा नाही. पोरगं तिथंच जेवायचं, तिथंच कोपऱ्यात बसायचं, तिथंच झोपायचं. छगननं जखम बघितली आणि दुसऱ्या दिवशी घरून तेलात कालवलेली हळद आणली. बैलाचा खांदा आला की लावतात तशी. साखळी वर सरकवली, हळद लावली. मग साखळी परत खाली घसरली, हळदीवर बसली. छगनला वाटलं आपण पोराचं केलं.

मग एका दुपारी भाकरी तशीच राहिली. डाळही तशीच. बन्सी भिंतीला टेकून बसला होता, ओठ मिटलेले.

"खा की रं."

बन्सीनं मान हलवायचा प्रयत्न केला. ती ताठ होती. दातांच्या फटीतून काहीतरी आवाज आला.

छगननं जाऊन सांगितलं, "साहेब, तोंड मिटून बसलंय."

"भूक लागली की उघडेल. तू लाड करू नकोस, छगन. आज तू हातापाया पडून भरवलंस तर उद्या सगळी पोरं तोंड मिटून बसतील."

दुसऱ्या दिवशीही तेच. आता छगनला काळजी वाटायला लागली, पण ती काळजी रागासारखी होती. पोरगं मेलं तर नाव आपलं येणार. बैल खात नसला की जबडा धरून नळीनं औषध पाजतात. छगननं बांबूची नळी आणली, भीमा नावाच्या पोराच्या हाती पेज आणवली, बन्सीचं डोकं मांडीत धरलं. दातांवर नळी आपटली. दात उघडले नाहीत. पेज गळ्यावरून छातीवर सांडली. आणि छगननं बघितलं तर पोरगं हसत होतं. ओठ दोन्हीकडं ताणलेले, दात दिसताहेत, भुवया वर गेलेल्या. थेट त्याच्या तोंडाकडं बघून हसतंय.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. आपण नळी घेऊन घाम गाळतोय आणि हे दात काढतंय. त्यानं एक थोबाडीत दिली.

बन्सीचं सगळं अंग एकदम ताठ झालं. पाठ जमिनीवरून उचलली गेली, धनुष्य ओढावं तशी. टाचा आणि डोकं तेवढं टेकलेलं. साखळी ताणली गेली आणि कडीत वाजली. तोंडावरचं हसू मात्र तसंच राहिलं.

छगननं असा बैल एकदा बघितला होता. खुरात खिळा भरून असाच ताठलेला. त्याला तेव्हाच कळलं. आधीच्या दिवशीही कळलं असतं, जर समोर बैल असता. बैल खात नाही म्हटलं की शेतकरी म्हणतो, याला काय झालंय. पोरगं खात नाही म्हटलं की म्हणतो, याला माज आलाय.

त्यानं दगड घेतला आणि ठोकून दाबलेला आकडा उघडायला लागला. प्रत्येक ठोक्याला पोराचं अंग आवळत होतं. पण उघडायला दुसरा मार्ग नव्हता. त्यानंच तो तसा ठोकला होता.

टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. खड्डा आला की झटका येत होता. टांगेवाला म्हणाला, "ह्येला कुनी काय केलंय?" पाठकसाहेब म्हणाले, "तू पुढं बघ."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जबडा बघितला, पोट दाबून बघितलं, मग घोट्यावरचं फडकं काढलं. "धनुर्वात. हे कशानं झालं?"

"खेळताना," पाठकसाहेब म्हणाले. "आवारात जुनी तार आहे गंजलेली. तीत पाय अडकला."

डॉक्टरीणबाईंनी जखमेवरून बोट फिरवलं. ती पुढून मागं, मागून पुढं, सगळीकडून गोल होती. त्यांनी छगनकडं बघितलं. "तार?"

छगनच्या डोळ्यांसमोर पगार आला, आक्काबाई आली, वाट्यानं दिलेलं रान आलं. "व्हय," तो म्हणाला. बैल घेतला का विचारल्यावर म्हणाला होता तसंच.

बाईंनी लिहून घेतलं. तार.

मग इंजेक्शनं झाली, जखम कापून साफ केली, नाकातून नळी घातली. आणि व्हरांड्याच्या टोकाची एक खोली रिकामी करून तिच्या खिडक्यांवर काळी घोंगडी ठोकली. या रोग्याला अंधारात ठेवावं लागतं. उजेड पडला, भांडं वाजलं, कुणी हात लावला तरी झटका येतो, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकतो. डॉक्टरीणबाई छगनला म्हणाल्या, "कुणाला आत सोडायचं नाही. तू दारात बस."

छगन दारात बसला. अंधारी खोली, आत बन्सी, बाहेर छगन. कोर्टाचा पोरगा, म्हणून पाठकसाहेबांनीही तेच सांगितलं, दारात बस. आंधळीच्या बाहेर तो बिडी ओढत बसायचा. इथं त्याला बिडी काढायचं धाडस झालं नाही. काडी ओढल्याचा आवाज आत गेला तर.

"याचं कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आई हाय. कोपरगावला."

"मग आली का नाही अजून?"

छगन वॉर्डबॉयला दारात बसवून सकाळच्या गाडीनं कोपरगावला गेला. स्टेशनाबाहेर एका चहावाल्याला विचारलं, सहादेव मुकादमाची टोळी कुठं पडलीय. चहावाल्यानं कपातून डोळे वर न काढता बोट दाखवलं. चालत गेला, उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोप्या होत्या. दुपार व्हायच्या आत मनकर्णा त्याच्यासमोर उभी होती, हातात कोयता, डोक्याला फडकं. एवढंच होतं ते काम. एवढ्यासाठी पोराला कडीला बांधलं होतं.

"माझा बन्सी? त्यो तर माझ्या भावाकडं हाय."

"न्हाई. नगरात हाय. दवाखान्यात."

तिनं कोयता खाली टाकला. कोपीत जाऊन लुगडं बदलून आली, फडक्यात भाकरी बांधल्या. मग छगनकडं बघून थांबली. "तुमी कवा निघालात? काय खाल्लं न्हाई तुमी." आणि तिनं त्याला बसवलं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा हातावर दिला. छगननं खाल्लं. भूक लागली होती. ती शेजारी उभी राहून त्याचं संपायची वाट बघत होती, पाय सारखा हलत होता तिचा.

गाडीत तिनं विचारलं, "तुमी कोन त्याचे?"

"मी तिथं कामाला असतो. पोरं मामा म्हनत्यात."

"मंग माझे भाऊच की तुमी," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावानं हाकललं आन तुमी शोधत आलात."

छगननं खिडकीबाहेर बघितलं. सांगायला चांगली जागा होती ती, पण गाडी पुढं जात राहिली आणि त्यानं सांगितलं नाही.

मनकर्णा व्हरांड्यात राहायला लागली. तिला आत जाता येत नव्हतं. दार बोटभर उघडून अंधारात बघायची, काही दिसायचं नाही, श्वासाचा आवाज ऐकायची आणि परत बसायची. आपली भाकरी मोडून अर्धी छगनला द्यायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायांना सांगायची, "ह्ये माझं भाऊ. ह्यांच्या पायी माझं पोर हाय." बाया छगनकडं मानानं बघायच्या. त्यातली एक तर त्याच्या पाया पडायला वाकली. छगन उठून नळाकडं गेला, उगाच हात धुतले.

झटके कमी व्हायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जगेल बहुतेक. त्याच दिवशी पाठकसाहेब आले. छगनला जिन्याखाली बोलावून म्हणाले, "बरा झाला की परत न्यायचा. तशी व्यवस्था कर."

"त्याची आई आली हाय साहेब. तिच्या ताब्यात द्या."

"ते कोर्ट ठरवेल. अर्ज, चौकशी, पुढच्या मोसमापर्यंत चालेल. आणि तोवर तो आपल्याकडं. पळणारा पोरगा आहे, तुला माहीत आहे."

"म्हंजी परत त्याच खोलीत?"

पाठकसाहेबांनी जिन्यावर कुणी नाही ना ते बघितलं. "एक लक्षात ठेव छगन. साखळी तुझ्या गोठ्यातली. ठोकली तू. थोबाडीत तू मारलीस, ते भीमानं दारातनं बघितलंय. माझा हात कशाला लागलाय, सांग बरं?" आवाज चढला नव्हता. ते घाबरले होते, म्हणून खरं बोलत होते. आणि ते खरं होतंच.

छगन वर आला. मनकर्णा पाय पसरून बसली होती, आज पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल दिसत होता. जगेल म्हटल्यावर तिला बोलावंसं वाटत होतं.

"लहानपनापासनं असाच पळायचा बघा. रांगता हुता तवा फडात इस्तू पेटलेला असायचा, हिरी उघड्या. मी कोयत्यावर, बघनार कोन? मंग कोपीच्या मेढीला बांधून जायची. लुगड्याचा काठ फाडून, पायाला." ती हसली. "लई रडायचा. शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हनायची, तुझ्या वासरानं कान किटवले."

छगनची नजर तिच्या लुगड्याच्या काठावर गेली.

"पर एक हुतं. सांजच्याला आले की आधी त्याला सोडायची. पानी न्हाई प्यायची, चूल न्हाई पेटवायची. मोळी टाकली की आधी गाठ सोडायची. मंग त्यो अंगावर चढायचा नुसता."

व्हरांड्यात ऊन उतरत होतं. छगनला वाटलं आता नाही बोललो तर ही उद्या पुन्हा भाकरी मोडून देईल, आणि परवा, आणि मग एक दिवस पोराला आपल्या हवाली करून जाईल, माझा भाऊ हाय म्हणून. आणि आपण ते पोरगं घेऊन तबेल्याकडं जाऊ.

"तार नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"पायाला. तार नव्हती. मी बांधलं त्याला. बैलाच्या साखळीनं, भिंतीला. लई दिवस." त्याला थांबता येईना. "सोडलंच न्हाई. तोंड उघडंना तर मला वाटलं मला हसतोय. मी मारलं त्याला."

मनकर्णा त्याच्याकडं बघत राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर आत पोराला झटका आला असता, ते तिला माहीत होतं. हळू आवाजात म्हणाली, "कोपरगावात माझ्या हातची भाकर खाल्ली तुमी."

"व्हय."

"मी तुमाला भाऊ म्हनलं."

"व्हय."

तिनं पाय जवळ ओढले, उठली. "दारातनं बाजूला व्हा."

छगन बाजूला झाला. त्याच्या जागी ती बसली, दाराला पाठ लावून. त्याच्याकडं तिनं पुन्हा बघितलं नाही.

तो डॉक्टरीणबाईंकडं गेला आणि तिथंही सगळं सांगितलं. बाईंनी केसपेपर पुढं ओढला. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "तार अशी गोल फिरत नाही. तुम्ही तार म्हणालात आणि मी तार लिहिलं. रात्रपाळी होती, पुढं तीन रोगी होते." मग त्यांनी पेन उघडलं. "आता पुन्हा सांग. सावकाश."

तो कागद कोर्टात गेला आणि मॅजिस्ट्रेटबाईंनी बन्सीला आईच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. जे महिनोन्महिने होत नव्हतं ते आठवड्यात झालं. समितीची बैठक बसली आणि ठरलं, की एका अडाणी काळजीवाहकानं अधीक्षकांच्या नकळत अमानुष प्रकार केला. छगनला काढून टाकलं. कुणाला वाटेल छगनवर अन्याय झाला. माझ्याकडून ते लिहून मिळणार नाही. त्यानं केलं होतं. फक्त तो एकटा नव्हता, आणि बाकीच्यांनी संध्याकाळी घरी जाऊन जेवण केलं.

बन्सी दवाखान्यातून निघाला तेव्हा छगन फाटकापाशी उभा होता. पोरगं वाळून गेलं होतं, आईचा हात धरून चालत होतं, डावा पाय ओढत. छगनला बघून त्यानं आईला विचारलं, "ह्यो बी येनार का?"

"न्हाई," मनकर्णा म्हणाली.

तेव्हा बन्सी पुढं निघाला. स्टेशनाकडं.

छगन आपली साखळी आणायला रिमांड होमला गेला. घरात ठेवायला नको होती. जुन्या विहिरीत टाकून द्यायचं त्यानं ठरवलं होतं. दिवस मावळायला आला होता. पाठकसाहेब मैदानात पोरांची प्रार्थना घेत होते. नवीन काळजीवाहक, मच्छिंद्र नावाचा, तबेल्याच्या पायरीवर बसला होता.

"साखळी न्यायला आलोय. माझी हाय."

"कामात हाय ती," मच्छिंद्र म्हणाला. "बघ की जाऊन."

आंधळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. साखळी असल्यावर कुलपाची गरज नव्हती. आत भीमा बसला होता. तोच, ज्यानं थोबाडीत मारताना बघितलं होतं. साहेबांनाही सगळं ठाऊक होतं, हे दवाखान्याच्या बाईंना सांगायला निघाला होता म्हणे, भिंतीवर सापडला. या वेळी साखळीवर चिंध्या गुंडाळल्या होत्या, नीट, घट्ट. समितीनं झाल्या प्रकारातून तेवढं शिकून घेतलं होतं.

छगन आत शिरला तसा भीमा भिंतीला चिकटला. हात तोंडापुढं घेतले.

"मारत न्हाई," छगन म्हणाला. पोरानं हात काढले नाहीत. छगन खाली बसला. पाय हातात घेतला. आकडा या वेळी ठोकलेला नव्हता, नुसता वळवलेला. त्यानं तो काढला. चिंध्या सोडल्या. साखळी कडीतून ओढून गळ्यात घेतली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"चल. सांज झाली."

भीमा हलला नाही.

"चल की रं. सोडलंय तुला."

"तुमी न्याल ही. ते दुसरी आनतील," भीमा म्हणाला. तो छगनकडं बघत नव्हता. छगनच्या मागं बघत होता.

बाहेर प्रार्थना संपली होती. मच्छिंद्र पायरीवरून हाका मारत होता, ए, काय चाललंय आत, साहेबांना बोलावू का. बोलाव म्हणावं, असं छगनच्या मनात आलं. मग त्याच्या लक्षात आलं की पोरगं कुठं बघतंय. तो स्वतः दारात उभा होता. आंधळीचं दार अरुंद, एका घोड्यापुरतं. त्यातून छगनच्या अंगाला न लागता बाहेर पडायला जागा नव्हती.

छगन दारातनं बाजूला झाला. चांगला लांब, आवारातल्या कडुलिंबापर्यंत गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

तेव्हा भीमा उठला.